वाटीतलं समुद्रफूल

दाराची कडी वाजायच्या आतच तोरसकरबाईंनी चहाचं आधण ठेवलं. आता तीन आठवडे पेडणेकर रोज येणार होते.

समुद्रातली पोवळी संपल्यापासून मालवणात घरटी एक टाकी होती आणि टाकीत उरलंसुरलं एखादं पोवळं. त्याला डंख मारून जागा बळकावणारी समुद्रफुलं माजली, की पेडणेकर बरणीतून बिनशंखाच्या गोगलगायी आणून सोडत. त्या समुद्रफुलांखेरीज दुसऱ्या कशालाही तोंड लावत नसत. टाकी साफ झाली, की त्या उपाशी मरायच्या आत पेडणेकर त्यांना पुढच्या घरी नेत.

बाईंकडे त्यांच्याशिवाय कुणीच येत नसे. म्हणून दर खेपेला त्या एक समुद्रफूल वाटीत लपवून ठेवत आणि मागाहून परत टाकीत सोडत.

आज पेडणेकर टाकीपुढे बराच वेळ वाकून राहिले. "बाई, पोवळं एका अंगानं पांढरं पडलंय. समुद्रफुलं पुन्हा माजली, तर हे काही जगत नाही."

एकविसाव्या दिवशी मात्र बाईंनी फडताळातली वाटी आणली आणि पेडणेकरांसमोरच टाकीत उपडी केली. गोगलगायींनी तेही समुद्रफूल फस्त केलं. पेडणेकर गोगलगायी बरणीत भरून गेले.

दुसऱ्या दिवशी घर नुसतं खायला उठलं. संध्याकाळी टाकीच्या काचेवर काहीतरी सरकताना दिसलं, तसा बाईंनी फोन लावला.

"पेडणेकर, तुमची एक गोगलगाय इथंच राहिलीय. उपाशी मरेल हो ती."

"राहिली नाही बाई, ठेवलीय. उद्या न्यायला येतो."