वरचा चुरा

खोटं बोलत असेन तर तोंडात उरलेले चारही दात आत्ता, या क्षणी गळून पडोत. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

मास्तरीण ओट्याशी सफरचंदं कापत होती आणि बाहेरच्या खोलीत मास्तर आपल्या मालकांशी फोनवर बोलत होते. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. रस्त्यावरच्या हॉर्नांच्या वरताण ओरडून ओरडून घसा असा झालेला की कानात कुजबुजले तरी तीन घरं ऐकायची.

"हो हो, मालक! परवा डब्यात आणलं होतं ते सफरचंदाचं मीच केलेलं. बायको कशाला? अहो, सोपं आहे. एकच भांडं. खाली फळं, वर चुरा, दिलं ढकलून ओव्हनमध्ये. काय म्हणता? मालकीणबाई बेकरी काढतायत? हे करणारे हात हवेत त्यांना? मग या की चार वाजता! गरम गरम खाऊ घालतो."

सुरी थांबली. मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि वाटेत कुठेही टेकली नाही. खिडकीत झोपलेली मांजर उठली आणि कायमची पुढच्या गल्लीत राहायला गेली.

मास्तर हात चोळत आत आले. "अगं, चारला माणसं येतायत. जरा कर ना ते तुझं."

"माझं? आत्ता तर तुमचं होतं."

"बोलून गेलो गं."

"मग फोन लावा आणि सांगा, बायको करते. ते हात माझे आहेत म्हणावं."

"आता कसं सांगू? मालकांपुढे माझं तोंड काय राहील? आणि तू काय त्या बेकरीत जाणारेस का या वयात?"

"विचारलंत कधी?"

मास्तरांनी मान वळवली. चेहरा मात्र तोच, शिकाऊ पोरांना दाखवायचा. सगळं येतं मला.

तिने सुरी ओट्यावर ठेवली. अंगातला एप्रन काढला आणि मास्तरांच्या गळ्यात अडकवला. खुर्ची ओढून बसली, हाताची घडी घालून, ते गाडीत बसतात तशी.

"अकरा वर्षं आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यात. आज पीठसुद्धा तुम्हीच घ्या. सोपं आहे."

मास्तरांनी फळं भांड्यात लोटली, साखर लोटली. मग परातीत मैदा घेतला आणि लोण्याचा गोळा त्यात आपटला.

"आधी हात बर्फाच्या पाण्यात बुडवा," ती म्हणाली. "गरम हातात लोणी विरघळतं. मग चुरा होत नाही, चिखल होतो."

"हात काय गार नि गरम! उगाच काहीतरी."

"आणि बोटांच्या टोकांनी चोळायचं. मळायचं नाही."

"मला शिकवू नकोस!"

"बरं. तुमच्या गाडीत तुमच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. माझ्याकडे तो नाही. जा, आपटा."

मास्तरांनी स्टिअरिंग आवळावं तसं ते पीठ आवळलं, कोपरापर्यंत घाम येईस्तोवर. जे झालं ते फळांवर थापलं, भांडं ओव्हनमध्ये सारलं आणि शर्ट बदलायला गेले.

मास्तरीण उठली. बर्फाच्या पाण्याचं पातेलं भरून दोन्ही हात आत घातले. रागाने हात इतके तापले होते की पाण्यातून चर्र आवाज आला. दुसरं पातेलं घ्यावं लागलं. बोटं बधिर झाली तेव्हा तिने दोन मुठी मैदा, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि फ्रिजमधलं टणक लोणी घेतलं, चुटकीचुटकीने चोळलं. स्टीलच्या छोट्या थाळीत पसरलं आणि त्याच ओव्हनमध्ये, त्याच भांड्याखालच्या जाळीवर सरकवलं. खाली फळ नाही, काही नाही. नुसता चुरा, तिचा.

चारला मालक आले, मालकीणबाई आल्या. मास्तरांनी एप्रन मुद्दाम काढला नव्हता. मास्तरीण स्वयंपाकघरातच राहिली, थाळी मांडीवर घेऊन. दार अर्धं उघडं होतं. तिथून ती नुसती मास्तरांच्या पाठीकडे बघत होती.

मालकीणबाईंनी चमचा खुपसला. चमचा तिथेच उभा राहिला. ओल्या सिमेंटमध्ये खांब रोवावा तसा.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "परवाचं तर दाताखाली वाजत होतं हो. ते कसं केलं होतं?"

मास्तरांनी मालकांकडे बघितलं. भांड्याकडे बघितलं. मग वळून दाराकडे. तिची आणि त्यांची नजरानजर झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत गेला नाही.

"मी नाही केलं," ते म्हणाले. "हीच करते. मी फक्त डबा उचलतो."

हं.

थांबा. एक दात हलायला लागलाय, तेव्हा सांगूनच टाकते. मांजर खरी, चर्र आवाज खरा, खांबसुद्धा खरा. मास्तरांचं ते शेवटचं बोलणं तेवढं माझ्या पदरचं. मला वाटलं, म्हणू द्यावं बिचाऱ्याला.

मास्तर म्हणाले होते, "ओव्हन बिघडलाय हो."

आणि तेव्हाच स्वयंपाकघरातून आवाज आला. कुर्रम. जरा वेळाने पुन्हा, आणखी जोरात, कुर्रम.

मालकीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि बशी हातात घेऊन आत गेल्या.