सोलेदादची सही

कर ठरवायची सरकारची तीन वर्षांची मुदत संपायला चारच दिवस उरले होते. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बिस्किट कारखान्यात कर-अधिकारी मुदतवाढीचं संमतीपत्रक घेऊन आला, तेव्हा मालक युलोहियो हिशेबनीस सोलेदादला बाजूला घेऊन, थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक मारत म्हणाले, "मानांग, सही तुम्हीच करा. अधिकारपत्र मी देत नाही. सही बघून हा थांबेल, मुदत निघून जाईल, आणि उद्या कोर्टात गेलो की कागद आपोआप रद्द." एकतीस वर्षं ते सांगतील तिथे ती सही करत आली होती. तिने केली. अधिकारीही घाईत तारीख घालायला विसरला.

कोर्टात मालकांनी तिच्याकडेच बोट दाखवलं. "या बाईंना अधिकार नव्हता. परस्पर सही केली त्यांनी." सोलेदादने मान खाली घातली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "चुका दोन्हीकडच्या आहेत. पण इतकी वर्षं यांची सही तुम्ही चालवलीत, ती इथेही चालेल. कर भरावा लागेल."

बाहेर पायऱ्यांवर मालकांनी हात पुढे केला. "कारखान्याच्या किल्ल्या द्या, मानांग. उद्यापासून येऊ नका."

तिच्या सहीला किंमत आहे, असं एकतीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच म्हटलं होतं.