चिलगोजे नकोत

"नाव काय सांगायचं?" पावाच्या चकत्या कापता कापता नोर्मानं पुन्हा विचारलं.

"रिनो," समोर उभा असलेला तरुण म्हणाला.

"आणि गाव?"

"पि... चेचिना."

"झालं! एवढा 'पि' निघाला की बुडालास." नोर्मानं त्याच्यावर सुरी रोखली. "ओर्नेल्ला, याला ओट्यापाशी आण. हात कामात असले की जीभ ताळ्यावर राहते."

तरुणाचं खरं नाव रानिएरी. हे पिसाच्या संताचं नाव; लिवोर्नोत ते सांगायचं म्हणजे कपाळावर गाव गोंदवून फिरायचं. दोन गावांत अंतर हाकेचं, पण विस्तव जात नाही. 'दारात पिसाचा माणूस उभा राहण्यापेक्षा घरात मढं पडलेलं बरं' ही म्हण लिवोर्नोतलं पोर दुधाच्या दातांबरोबर शिकतं. नोर्माचा नवरा ओरेस्ते, बंदरातला निवृत्त क्रेनवाला, ती म्हण जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखी म्हणायचा. नोर्मा तर त्याच्याही वरताण. पिसाचा फुटबॉल संघ हरला की ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना केक वाटायची.

पण पोटच्या पोरीपुढे कोणाचं चाललंय? ओर्नेल्लानं निक्षून सांगितलं होतं, लग्न करीन तर याच्याशीच, नाहीतर जन्मभर तुमच्या उरावर बसेन. एकुलती एक लेक रडून रडून निम्मी झालेली बघवेना, तेव्हा नोर्मानं हे सोंग रचलं. आज रविवार. ओरेस्ते या पोराला पहिल्यांदा बघणार होता. त्याच्या तोंडून 'हो' काढायचं तर वाट पोटातूनच जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून हा त्याच्या आवडीच्या क्रोस्तिनींचा, भाजून वर काहीबाही ठेवलेल्या पावाच्या चकत्यांचा घाट.

"यात अवघड काही नाही," ती म्हणाली. "पाव कालचाच हवा, ताजा लगेच मऊ पडतो. जाळीवर दोन्ही बाजूंनी भाज. हं, आता गरम आहे तोवर मेंढीचं चीज ठेव. बघ, कसा घाम फुटतोय त्याला. तुला फुटलाय तस्साच."

रानिएरीनं कपाळ पुसलं. चीजवर नाशपातीची पातळ फोड, फोडीवर मधाची धार. दुसऱ्या ताटात अंजिराचा मुरंबा. हात झकास चालत होता. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

"काकू, चिलगोजे कुठे ठेवता?"

नोर्माच्या हातातला चमचाच पडला. "मेल्या, वर चिलगोजे भुरभुरायची खोड तुमच्या पिसाची! इथे असलं कोणी करत नाही. ह्यांच्यासमोर चिलगोज्यातला 'चि'सुद्धा काढू नकोस."

"'पि' नाही, 'चि' नाही. मग बोलू काय, काकू?"

"वा वा म्हण. तेवढं पुरे."

"आई, तुला बरी गं पिसावाल्यांची इतकी माहिती!" ओर्नेल्ला म्हणाली.

"वैऱ्याची माहिती ठेवावीच लागते," असं म्हणून नोर्मा मधाची बरणी पुसायला लागली.

ओरेस्ते आला, पाहुण्याला नखशिखान्त न्याहाळत खुर्चीत बसला. पहिली चकती त्यानं खाल्ली. दुसरी हातात घेऊन विचारलं, "चेचिनाचा का तू? मग पिसाच्या लोकांबद्दल काय म्हणणं आहे तुझं?"

"वाईट लोक, काका."

"किती वाईट?"

"त्यांचा मनोरासुद्धा धड सरळ उभा राहत नाही."

ओरेस्ते हसला, पण जरा उशिरानं. नोर्मा मात्र टेबल बडवत हसली. वाईन आली, ताटं भराभर रिकामी व्हायला लागली. ओरेस्तेची कळी खुललीशी वाटून ओर्नेल्लाच्या जिवात जीव आला.

"आवडलं का रे?" ओरेस्तेनं विचारलं.

"फारच छान, काका," रानिएरी तोंडात घास घोळवत म्हणाला. "वर चार भाजलेले चिलगोजे असते ना, तर..."

ओरेस्तेनं हातातली चकती ताटात ठेवली, तोंड पुसलं आणि उठला.

"चल जरा बाल्कनीत."

दोघं बाहेर गेले. बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर, खाली कालव्याचं पाणी.

"आई, बाबा ढकलतील गं त्याला!" ओर्नेल्ला रडवेली झाली.

नोर्मानं क्रोस्तिनींचं ताट उचललं. काहीतरी निमित्त हवं ना. लोटलेल्या दाराशी जाऊन तिनं कान लावला.

"खरं सांग. कुठला?"

"पिसाचा, काका. सान मार्तीनोतला. नाव रानिएरी."

आता थोबाडीत बसणार, म्हणून नोर्मानं डोळे मिटून घेतले.

"सान मार्तीनो!" ओरेस्तेचा आवाज ओला झाला होता. "चर्चच्या मागेच आमचं घर होतं रे. आई असेच चिलगोजे भाजायची. घरभर वास सुटायचा."

"म्हणजे, काका, तुम्हीसुद्धा...?"

"हळू बोल, गाढवा! नोर्माची नि माझी गाठ पडली जेनोवाला. ओळख करून देणारा म्हणाला, 'तुम्ही दोघं एकाच गावचे, लिवोर्नोचे!' ती काही बोलली नाही. पोरगी एवढी देखणी, मी कशाला नाही म्हणतोय? तेव्हापासून तिच्या धाकानं आपल्याच गावाला शिव्या घालत आलोय. तू खुशाल कर माझ्या पोरीशी लग्न, पण नोर्माला यातलं अक्षर कळता कामा नये. हाडाची लिवोर्नोची आहे ती, जिवंत ठेवणार नाही मला."

नोर्मानं ताट खाली ठेवलं, दार धाडकन उघडलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच नवऱ्याला आपल्या माहेरच्या, अस्सल पिसाच्या बोलीत कचकचीत शिवी हासडली.