जागले या आडनावाची हकिगत

सुज्ञ वाचकहो, एका कुळास जागले हे आडनाव कोणत्या पराक्रमामुळे प्राप्त झाले, त्याची हकिगत यथामती येथे कथन करीत आहे. ती शांतचित्ताने वाचावी, कारण तीत शांतचित्त असा मनुष्य सापडणार नाही.

भट्टी निवली होती. मुशीतला रस मुशीतच थिजला होता, आणि घंटा ओतणाऱ्या थोरल्या जागल्यांचा चुलतभाऊ भट्टीपुढे भर दुपारी घोरत होता.

थोरल्यांनी त्याच्या बुडाखालचे स्टूल लाथेने उडविले.

"ऊठ. कारखान्यातून आणि आडनावातूनही."

"दादा, जरा डोळा लागला. लेकरू आजारी आहे, रात्रभर..."

"आपल्या घरात डोळा लागत नसतो."

दारात कारागीर जमले. पुढे काडी, म्हणजे ज्याच्यासाठी दाराची दुसरी फळी उघडावी लागे तो साचेवाला. त्याच्यामागे तुळतुळीत टकलाचा झिपऱ्या. गावात टोपणनावे अशीच पडत. एकदा पडले की पिढ्या जात, पण ते सुटत नसे.

"मालक, सोडा आता," काडी म्हणाला. "मूस गेली, माणूस तर शाबूत आहे."

"तू मध्ये तोंड घालू नकोस. हा कुळाचा प्रश्न आहे."

थोरल्यांचा क्रोध अकारण नव्हता. वर तुळईला त्यांच्या खापरपणजोबांची घंटा टांगलेली होती. खापरपणजोबा नदीकाठचे पहारेकरी. महापुराच्या रात्री ते उजाडेपर्यंत घंटा बडवीत राहिले, गाव वाचले, आणि पाणी ओसरताच गावाने त्यांना जागले हे नाव बहाल केले. खालची आळी तेवढी माणसांसकट वाहून गेली. तिथले लोक कानाने अधू होते, असे घरात सांगत. त्यानंतर ती घंटा वाजवायची नाही, खाली उतरवायची नाही, केवळ बाहेरून पुसायची, असा कुळाचा दंडक होता.

तो दंडक आज थोरल्यांनी रागाच्या भरात मोडला. शिडी लावली, घंटा उतरविली आणि चुलतभावापुढे आडवी केली.

"आत हात घाल. रात्रभर लोलक आपटला की काठाला खळगा पडतो, हे तुला शिकवायला नको. त्या खळग्यावर बोट ठेव आणि म्हण, मी या माणसाचा वंशज नाही. मग चालता हो."

"आणि पोराला नाव कोणतं लावू?"

"लाव कोणतंही. रस्त्यावर चिकार पडलीत."

चुलतभावाचे डोळे भरून आले. त्याने हात आत घातला. हात काठावरून फिरला, थांबला, पुन्हा उलटा फिरला.

"सापडत नाही, दादा."

"बोटं पण झोपली का तुझी? हो बाजूला."

त्याला ढकलून थोरल्यांनी स्वतःचा हात आत घातला. उभा जन्म घंटा ओतण्यात गेलेला तो हात होता. काठ सगळीकडे सारखा लागला. साच्यातल्या रेतीची खरखर अजून जिथल्या तिथे होती, जशी ती कालच ओतलेल्या, अद्याप एकदाही न वाजलेल्या घंटेत असते.

थोरल्यांचा हात आतच राहिला.

"ए काडी, सरक ना," मागून झिपऱ्या म्हणाला, "वारा अडलाय तुझ्यामुळे."

सारे हसले. थोरल्यांनी मान वर केली. काडीकडे पाहिले, झिपऱ्याकडे पाहिले, आणि दारावरच्या पाटीवरील स्वतःचे आडनाव आयुष्यात प्रथमच नीट वाचले.

येथवर जागे राहिलेल्या सर्व वाचकांचे आभार मानून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
ते आजारी लेकरू,
धाकटा जागले