उतरवणीचा फोन

कपाळाला मन वाचणारी पट्टी लावून व्हिडिओ गेमचे ट्रेलर बघायचे दिवस आल्यापासून शर्वरीला जाहिरात कमी करावी लागे आणि समजूतच जास्त घालावी लागे. ट्रेलरमधले चेहरे कोरे असत; बघणाऱ्याचं मन पट्टीतून तिथे आपल्या ओळखीचे चेहरे भरून घेई. मग खरा खेळ हातात आला की लोक फसवल्यासारखे चिडत. म्हणून खेळ बनवणाऱ्या तिच्या कंपनीने ‘उतरवणी’ सुरू केली होती: खेळ येण्याआधी एकेकाला फोन करायचा आणि फुगलेल्या आशा खाली उतरवायच्या.

आज फोनवर वेंगुर्ल्याचे काळसेकर होते. जन्मभर मासेमारीची बोट चालवलेले, आता घरी बसलेले.

“काका, खेळात बोट आहे, मासे आहेत, वादळ आहे. त्यापलीकडे काही धरून बसू नका.”

“आणि धक्क्यावर कंदील घेऊन उभी असते ती?”

“कोण?”

“आमची सुमती. मी किनाऱ्याला लागलो की म्हणते, ‘आज उशीर केलात.’ जाऊन बरीच वर्षं झाली तिला.”

गोड बोलून वेळ मारून नेणं शर्वरीला कधीच जमलं नव्हतं.

“नाही काका. खेळात तिथे आमच्या चित्रकाराने काढलेली कुणी बाई असेल. त्या तुमच्या मनातल्या होत्या.”

“ठाऊक आहे गो. वेडा नाही झालो अजून.” काळसेकर हसले. “ट्रेलर बघता येतो ना पण?”

“सोमवारपर्यंत. खेळ आला की तो काढून टाकतात.”



“मग पोरी,” ते म्हणाले, “तुमचा तो खेळ अजून थोडे दिवस अपुराच राहू द्या ना.”