तेव्हा कुठे होतात?

"इतिहास काढा, संगणक घाला," किल्ल्या बनवणारा म्हणाला आणि विषय बदलायचा अर्ज त्याने बाईंच्या टेबलावर सरकवला. त्यासाठी तो दुकान बंद करून आला होता. मुलगी बारावीत जाणार, आता तरी कामाचं शिकायला हवं. मेलेल्या राजांच्या सनावळ्या घोकून कुणाचं पोट भरलंय, हे त्याने घरूनच घोकून आणलं होतं, ते एका दमात म्हणून टाकलं.

इतिहासाच्या बाईंना ते नवं नव्हतं. दर वर्षी चार-पाच पालक तेच ऐकवून जात आणि बाई निमूटपणे सही करत. या वेळी मात्र त्यांनी पेन उचललं नाही. कपाटातून एक वही काढून त्याच्यापुढे ठेवली. आधी हे वाचा, मग सही करते, म्हणाल्या.

घरातला एक जुना कागद आणून तो तपासायचा, असा वर्गाला गृहपाठ होता. कुणी आजोबांचा नोकरीचा हुकूम आणला होता, कुणी लग्नाची पत्रिका. त्याच्या मुलीने आईच्या अपघाताचा अहवाल आणला होता.

पहिल्या पानावर चिकटवलेली प्रत त्याने लगेच ओळखली. तीन वर्षांपूर्वी धुलाईच्या कारखान्यातून ती घरी आली होती. चादरी पिळायचं यंत्र फिरत असताना तिथे कामाला असलेल्या त्याच्या बायकोने झाकण उघडलं, चूक तिचीच, असं तीन बायकांनी सह्यांनिशी सांगितलं होतं. बायको गेली ती गेली, वर स्वतःच्या चुकीने गेली. त्याला दुःखापेक्षा रागच जास्त आला होता, आणि तो अजून उतरला नव्हता. घरात तिचा फोटोही त्याने लावला नव्हता. पोरीने विषय काढला की, "आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला तिने," एवढं बोलून तो उठून जाई.

दुसऱ्या पानावर मुलीने तिघींचे जबाब एकाखाली एक उतरवले होते. शब्दन् शब्द सारखे. "घाईने व बेफिकिरीने" हे तिघींनाही सुचलं होतं. शेजारी तिने लिहिलं होतं: तीन माणसं एकच वाक्य बोलली, तर साक्षीदार एकच धरायचा. तो कोण, ते शोधायचं.

पुढे कारखान्याचा नकाशा होता, पट्टीने आखलेला. त्याखाली तक्ता. कोण, तेव्हा कुठे, काय सांगितलं, केव्हा सांगितलं. पोरगी तिघींच्या घरी जाऊन आली होती आणि बापाला पत्ता नव्हता. एक बाई मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. दुसरी भिंतीपलीकडे इस्त्री करत होती. तिसऱ्या म्हणजे शेजारच्याच काकू, त्या डबा खात होत्या. ओरडणं ऐकून तिघी धावल्या, तोवर सगळं होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने टाईप केलेला कागद पुढे केला आणि त्यांनी सह्या केल्या. "तेव्हा कुठे होतात, हे आम्हाला कुणी विचारलंच नाही गं," असं काकू म्हणाल्या होत्या. त्या रडल्या, हेही पोरीने लिहिलं होतं, आणि पुढे कंसात: रडणं हा पुरावा नाही.

शेवटी निष्कर्ष होता. झाकण उघडताना आईला कुणीही पाहिलेलं नाही. म्हणून आईची चूक होती, असं म्हणता येत नाही. नव्हती, असंही अजून म्हणता येत नाही.

त्याने ते दोनदा वाचलं. बाई हळू आवाजात सांगत होत्या की, जबाब कसे पडताळायचे हे शिकवताना या पोरीच्या डोक्यात काय चाललंय याची त्यांना कल्पना नव्हती.

त्याचं लक्ष तक्त्यातल्या चौथ्या ओळीवर होतं. कोण: बाबा. पुढच्या चौकटी रिकाम्या. कडेला पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: विचारायचं धाडस झालं नाही.

"मला काय विचारणार? मी तिथे नव्हतोच. दुकानात होतो," तो म्हणाला.

"ती कशी होती, ते तरी तुम्हाला माहीत असेल," बाई म्हणाल्या.

 तो वहीकडे बघतच बोलू लागला. दाराला कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघायची. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरायची, गॅस बंद आहे ना ते बघायला. तो चारचौघांत तिची चेष्टा करायचा, कुलूपवाल्याची बायको आणि कुलपावरच भरवसा नाही. ती हसायची आणि पुन्हा एकदा ओढून बघायची.

"असली बाई फिरत्या यंत्राचं झाकण उघडेल?" तो म्हणाला. "मला हे ठाऊक होतं, बाई. कागद आला त्या दिवशीही ठाऊक होतं. तरी तीन वर्षं मी तिच्यावर रुसून बसलो."

बाईंनी आपलं पेन त्याच्यापुढे केलं. त्याने अर्ज उचलून खिशात कोंबला आणि वही जवळ ओढली. किल्लीला कानस लावावी तसा एकेक शब्द सावकाश लिहिला. दुकानात होतो, हे लिहिलं. कुलपाचं लिहिलं, गॅसचं लिहिलं. शेवटच्या चौकटीशी येऊन तो थांबला.

"इथे तारीख कोणती घालू?"

"सांगितलं त्या दिवसाची."

"म्हणजे आजची," तो म्हणाला. तीन वर्षं उशिराची ती तारीख त्याने घातली, आणि वही मिटायला काही त्याचा हात होईना.