गाणे तिकडे चालू आहे

मित्रांतला अबोला वाईटच. पण आधी कोणी बोलावे, याची दोघांनीही वाट पाहणे त्याहून वाईट.

निवृत्त ग्रंथपाल आणि शेजारचे दंतवैद्य यांच्यात गाडी उभी करण्याच्या जागेवरून वाजले, त्याला आठ महिने लोटले होते. ग्रंथपालांचे मन रोज बोलायला धावे, आणि अभिमान रोज जिभेला कुलूप घाली.

त्या सकाळी नव्या गाडीत पत्नीला गाणी ऐकवावीत म्हणून त्यांनी आपला जुना म्युझिक प्लेयर सुरू केला. त्याच्या पडद्यावर ‘जोडले गेले’ अशी अक्षरे उमटली. गाडी मात्र मौन धरून बसली. त्यांनी आवाज वाढवला, मग अगदी पूर्ण वाढवला.

“अहो, नवी आहे ती, लाजत असेल,” पत्नी हसली.

इतक्यात काचेवर टकटक झाली. बाहेर साक्षात दंतवैद्य! ग्रंथपालांनी काच खाली केली.

“अरे, मी माझ्या गाडीत बसतो न बसतो, तोच तुझी भैरवी कडाडली! पंधरा वर्षं माझ्याच गाडीतून कामावर यायचास, तेव्हा हे यंत्र तिला जोडून ठेवलं होतंस. आपण भांडलोय, हे त्याला सांगायचं राहिलं वाटतं!”

ग्रंथपालांनी घाईने प्लेयरचा आवाज कमी केला, तोच दंतवैद्यांनी गाडीचे दार उघडले.

 

“वहिनी, उतरा. तूही उतर रे. गाणं तिकडे चालू आहे, तर इथे बसून काय करताय?”

कल्याण असो त्या तिघांचे, आणि त्या भाबड्या यंत्राचेही.